स्वतःकडे बघण्याची गैरसोय

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि नव्या देशाचे पहिले महालेखापाल म्हणून ऊ बा खिन यांनी सूत्रे हाती घेतली. कारकुनीपासून सुरुवात करून खात्याच्या परीक्षा देत देत वर चढलेला हा माणूस. त्यांच्या कार्यालयात जमाखर्चाच्या वह्या होत्या, फायलींचे ढीग होते आणि ध्यानासाठी राखून ठेवलेली एक खोलीही होती. हाताखालच्या माणसांना ते तिथे बसायला शिकवत. १९५२ मध्ये त्यांनी रंगूनमध्ये ध्यानकेंद्र सुरू केले आणि नोकरी न सोडता ते चालवले. अंगावर चीवर नाही, घरी बायको-मुले, दिवसभर सरकारी हिशेब आणि उरलेल्या वेळात साधक.

व्यक्तिगत अध्यात्माचा विषय निघाला की आजकाल मासिकांच्या मुखपृष्ठांवर समुद्रकिनारा येतो, उगवता सूर्य येतो, मांडी घालून बसलेली प्रसन्न तरुणी येते. ही चित्रे विषयाची ओळख करून द्यायला फारशी उपयोगाची नाहीत. रंगूनचे ते लेखा कार्यालय जास्त उपयोगी पडते. हिशेब तपासायला आलेला माणूस नफा वाढवून देत नाही. तो वह्या उघडतो, नोंद आणि पावती ताडून पाहतो, आणि कुठे मेळ बसत नाही तिथे बोट ठेवतो. त्याच्या येण्याने कोणी खुश होत नाही. स्वतःच्या मनाकडे सजगतेने पाहण्याची रीत बरीचशी अशीच आहे. तिच्याकडून शांतता मिळाली तर मिळते. पण आधी जे हाती येते ते बहुधा अप्रिय असते.

अप्रिय म्हणजे किती, याचा एक गमतीदार पुरावा अमेरिकेत मिळाला. व्हर्जिनिया विद्यापीठातील टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकात लोकांना पंधरा मिनिटे रिकाम्या खोलीत एकटे बसवले. फोन नाही, पुस्तक नाही. सोबतीला फक्त आपले विचार आणि विजेचा सौम्य झटका देणारे एक बटण. हा झटका टाळायला आपण पैसेसुद्धा मोजू, असे याच लोकांनी आधी सांगितले होते. तरीही अठरापैकी बारा पुरुषांनी आणि चोवीसपैकी सहा बायकांनी निदान एकदा तरी बटण दाबून स्वतःला झटका देऊन घेतला. प्रयोग लहान होता, त्यावरून मानवजातीबद्दल निकाल देऊ नये. पण स्टॉपवर बसची वाट पाहताना दुसऱ्याच मिनिटाला खिशातला मोबाइल काढणाऱ्या कोणालाही तो परका वाटणार नाही.

मग रिकाम्या खोलीत बसायला सामान्य माणसे गेली कशी? ब्रह्मदेशात शतकानुशतके हे काम भिक्षूंचे मानले जात होते, आणि भिक्षूंमध्येही फार थोडे जण ते करत. संसारी माणसाने दान द्यावे, शील पाळावे, पुढच्या जन्माची सोय पाहावी, इतकेच. हे बदलायला राजकारण कारणीभूत झाले. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले, राजा थिबा याला कुटुंबासह आपल्या रत्नागिरीला आणून ठेवले, आणि बौद्ध संघाचा राजाश्रय एका फटक्यात गेला. धर्म आता कोण राखणार, या काळजीने लेडी सयाडॉ (१८४६–१९२३) यांच्यासारखे विद्वान भिक्षू गावोगाव फिरू लागले. शास्त्राचा अभ्यास आणि ध्यान हे दोन्ही गृहस्थांच्या हाती सोपवले तर परक्यांच्या राज्यातही धर्म टिकेल, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या शिष्यांपैकी सया तेजी हा शेतकरी. त्याचे शिष्य ऊ बा खिन. ज्याला आज ‘व्यक्तिगत’ म्हटले जाते ते अध्यात्म अशा सार्वजनिक धास्तीतून जन्मले, ही गोष्ट या विषयावरच्या चकचकीत पुस्तकांत सहसा सापडत नाही. थिबा राजाच्या रत्नागिरीतल्या राजवाड्यावर सहली जातात, पण त्याच्या पदच्युतीचा इगतपुरीच्या ध्यानकेंद्राशी असाही दूरचा धागा आहे हे कोणी सांगत नाही.

तो धागा पुढे आणला सत्यनारायण गोयंका यांनी. १९२४ मध्ये मंडाले येथे, राजस्थानातून गेलेल्या मारवाडी व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. तरुण वयातच व्यापारात मोठे नाव, समाजात मान, आणि सोबतीला असह्य अर्धशिशी. दुखणे इतके की मॉर्फीनची इंजेक्शने घ्यावी लागत. परदेशांतले डॉक्टर झाले, गुण आला नाही. १९५५ मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. डोकेदुखी बरी करून घ्यायला आलो आहे, असे त्यांनी सांगताच महालेखापालांनी त्यांना चक्क नकार दिला. मनाचे विकार धुण्याची ही विद्या डोकेदुखीच्या औषधासारखी वापरायची नाही, असे त्यांचे म्हणणे. गोयंका हेतू बदलून परत आले, तेव्हा प्रवेश मिळाला. पुढे डोकेदुखीही गेली, असे ते सांगत. कर्मठ हिंदू घरातल्या या व्यापाऱ्याला बुद्धाकडे जाण्याचा संकोच होता, तोही त्यांनी लपवला नाही.

१९६९ मध्ये ते भारतात आले आणि जुलैत मुंबईच्या एका धर्मशाळेत पहिले शिबिर घेतले. बसणाऱ्यांत त्यांचे आईवडील आणि आणखी मोजकी माणसे. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली. कसाऱ्याचा घाट चढून आले की लागणारे हे गाव तोवर रेल्वे आणि पाऊस या दोन गोष्टींसाठी ओळखले जाई.

तिथे दहा दिवसांत काय घडते, हे जरा सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण या विषयाचा गाभा तत्त्वज्ञानापेक्षा वेळापत्रकात जास्त आहे.

पहाटे चारला घंटा होते. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता, पुन्हा ध्यान, अकराला जेवण. दुपारभर ध्यान. पाचला नव्या साधकांना चहा आणि थोडे फळ, संध्याकाळचे जेवण नाही. सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. बेरीज केली तर रोज दहा तासांच्या आसपास बसणे. फोन पहिल्याच दिवशी जमा होतो. वाचायला काही नाही, लिहायला वही नाही, जप नाही, माळ नाही. दहाव्या दिवसापर्यंत कोणाशी बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, नजरही मिळवायची नाही. याला आर्य मौन म्हणतात. अडचण आली तर व्यवस्थापकाशी किंवा आचार्यांशी तेवढे बोलता येते.

पहिले तीन दिवस फक्त श्वास. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास पाहायचा, तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही. याला आनापान म्हणतात. ऐकायला हे पोरखेळ वाटते. प्रत्यक्षात दहा श्वास सलग पाहणे जमत नाही, हे पहिल्याच सकाळी ध्यानात येते. पदवी, पगार, वय यांपैकी काहीही इथे मदतीला येत नाही. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते: डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवायचे आणि अंगावर जी संवेदना असेल, खाज, ऊब, ठणका, मुंग्या, ती फक्त जाणायची. मग अधिष्ठान येते, म्हणजे तासभर हात-पाय न हलवता आणि डोळे न उघडता बसणे. गुडघा पेटतो. घड्याळ थांबल्यासारखे वाटते. शेजारी कोणीतरी खोकतो आणि त्याचा विलक्षण संताप येतो.

हा संताप म्हणजेच त्या दिवसाचा धडा. खोकणाऱ्याने काही केलेले नाही. गुडघ्यातली कळ आणि ‘आता हे सहन होत नाही’ ही मनातली आरोळी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वाचून कोणालाही पटते. बसल्यावर मात्र कधीतरी क्षणभर त्या खरोखरच वेगळ्या झालेल्या दिसतात. मनात सारखे काय चालते हेही दिसते. आयुष्याच्या अर्थावर चिंतन करू म्हणून आलेला माणूस चौथ्या दिवशी पाहतो तर आतमध्ये भावाशी झालेल्या वाटणीच्या भांडणाची तीच तालीम पुन्हापुन्हा सुरू आहे. तीच वाक्ये, तोच विजय, आणि प्रत्येक वेळी भाऊ निरुत्तर. आपण स्वतःला समजत होतो त्यापेक्षा पुष्कळ कोत्या मनाचे आहोत, ही ओळख काही सुखाची नव्हे. पण ती कोणा दुसऱ्याने करून दिलेली नसते, म्हणून तिच्याशी वादही घालता येत नाही.

या सगळ्याची एक थोडी विचित्र बाजू अशी की शिकवणारा समोर नसतो. गोयंकांचे २०१३ मध्ये निधन झाले, पण जगभरच्या त्यांच्या परंपरेतील केंद्रांवर आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित सूचना लागतात आणि संध्याकाळी त्यांचीच प्रवचने. तेच विनोद, त्याच जागी थांबणे. सहायक आचार्य उपस्थित असतात, शंका ऐकतात. शिकवण मात्र ध्वनिमुद्रणातून येते. व्यक्तिपूजा टाळण्यासाठी ही सोय चांगली, असे समर्थक म्हणतात. टीकाकारांना त्यातच नव्या प्रकारची व्यक्तिपूजा दिसते. दोघांचेही म्हणणे वाचकाने ऐकून ठेवावे. शिबिराला मात्र फी नाही. राहणे, जेवणे सगळे आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून चालते, आणि स्वयंपाकघरात राबणारे सेवकही पूर्वीचे साधकच असतात.

मराठी माणसाला मनाशी असा व्यवहार नवा नाही. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आसन कसे घालावे इथपासून सुरुवात करून पार आत नेतो. समर्थांनी दोनशे पाच श्लोक थेट मनालाच उद्देशून लिहिले, आणि ते घरोघरी मुलांनी पाठ केले. दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. खानदेशात शेतात राबणाऱ्या बहिणाबाई चौधरींनी मनाच्या चंचलपणावर रचलेली कविता शाळेत शिकलेल्या अनेकांना आठवते. फरक आहे तो पद्धतीचा. आपले संत मनाशी बोलतात: त्याला चुचकारतात, दटावतात, विठ्ठलाच्या पायाशी नेऊन घालतात. रंगूनहून आलेली रीत मनाशी बोलतच नाही. ती नुसती बघते, आणि वारकऱ्याला हा कोरडेपणा वाटला तर त्यात नवल नाही.

त्या कोरड्या रीतीकडेही एक मराठी माणूस गोयंकांच्या पुष्कळ आधी चालत गेला होता. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७). ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाची ओळख झाली आणि तिने त्यांना घरात राहू दिले नाही. १८९९ मध्ये ते निघाले. पुण्यात संस्कृत, मग काशी, जेवायला अन्नछत्र. तिथून नेपाळ, आणि पुढे सिंहलद्वीप. १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात ते पाली शिकले आणि प्रव्रज्या घेतली. नंतर ब्रह्मदेशातही राहिले. परत येऊन त्यांनी पुन्हा संसार मांडला, फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली, हार्वर्डला जाऊन ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनावर काम केले, मिठाच्या सत्याग्रहात उतरले, आणि शेवटी सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला. ‘समाधिमार्ग’ हे त्यांचे छोटे पुस्तक म्हणजे बौद्ध ध्यानपद्धतींची मराठी वाचकासाठी केलेली साधी, अलंकार नसलेली मांडणी.

कोसंबींचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र या विषयाची वाट धरणाऱ्या प्रत्येकाने वाचावे, आणि ते वाचताना मागे राहिलेल्या माणसांकडेही पाहावे. ते घराबाहेर पडले तेव्हा पत्नी बाळाबाई तरुण होत्या आणि मुलगी तान्ही. कोसंबी स्वतःचा शोध घेत सिंहलद्वीपापर्यंत पोहोचले; त्या काळात बाळाबाईंनी काय शोधले याची नोंद कुठल्या ग्रंथात मिळणार? सिद्धार्थाच्या कथेतही यशोधरा आहेच. एकाच्या आत्मशोधाचा खर्च पुष्कळदा दुसऱ्याच्या खात्यावर पडतो, आणि अध्यात्माच्या पुस्तकांत ही रक्कम क्वचितच दाखवलेली असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्यानाची ही विद्या समुद्र ओलांडून गेली. बोधगयेत १९७०च्या सुमारास गोयंकांच्या शिबिरांत बसलेल्या तरुण अमेरिकनांत शॅरन साल्झबर्ग आणि जोसेफ गोल्डस्टीन होते. पुढे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मॅसॅच्युसेट्स राज्यात ध्यानकेंद्र काढले. त्याच राज्यात १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी एका वैद्यकीय महाविद्यालयात, औषधांनी न हटणाऱ्या दुखण्याच्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम आखला. त्यांनी बुद्ध, शील, निर्वाण हे सारे बाजूला ठेवले आणि श्वास, शरीर, लक्ष एवढेच घेतले. त्यातून ‘माइंडफुलनेस’ नावाचा व्यवसाय उभा राहिला. इगतपुरीहून काही तासांच्या अंतरावरील हिंजवडीतल्या कंपन्यांत तो आता अमेरिकी उच्चारांत परत आला आहे, कधी ॲप होऊन, कधी मनुष्यबळ विभागाच्या शुक्रवारच्या सत्रातून. ऊ बा खिन यांनी ज्या कारणासाठी गोयंकांना दारातून परत पाठवले होते, नेमके तेच कारण आता प्रवेशाची पहिली अट झाली आहे: ताण आहे ना? मग या.

याने उपयोग होतो का? होतो, पण जाहिरातीत म्हणतात तितका नाही. २०१४ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये एक मोठा आढावा आला. ४७ चाचण्या, ३,५१५ माणसे. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा उपयोग होतो याचा मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ते सरस ठरल्याचे दिसले नाही. ब्रिटनमधल्या शाळांत आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर सजगतेचे वर्ग नेहमीच्या वर्गांपेक्षा काही अधिक देऊ शकले नाहीत. ब्राउन विद्यापीठाच्या विलोबी ब्रिटन आणि जेरेड लिंडाल यांनी साधकांच्या सविस्तर मुलाखती घेऊन २०१७ मध्ये दाखवले की दीर्घ ध्यानात काहींना तीव्र भीती, निद्रानाश, आपण आपल्यातच नसल्याची भावना अशा गोष्टींतून जावे लागते. शिबिराच्या अर्जात मानसिक आजारांची चौकशी असते ती उगाच नाही. तिथे खरे उत्तर द्यावे, आणि उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावे. दहा दिवसांचे मौन हा काही हवापालट नव्हे.

याहून मोठा आक्षेप वैद्यकशास्त्राबाहेरचा आहे, आणि महाराष्ट्रात तो टाळून चालणारच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या साक्षीने बुद्धाकडे वळलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा धम्म डोळे मिटून बसणारा नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धम्म हा मुळातच सामाजिक आहे अशी मांडणी आहे. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकमेकांच्या संबंधात आली की त्याची गरज पडते. ज्याचे दुःख पाणवठ्यावर, वेशीवर आणि बाजारात तयार झाले त्याने ते आपल्या संवेदनांत शोधावे काय, हा आंबेडकरी प्रश्न आजही विपश्यनेच्या प्रत्येक चर्चेत उभा राहतो. उत्तरे दोन्ही बाजूंनी दिली जातात. आंबेडकरी वस्त्यांतून आलेले अनेक जण निष्ठेने शिबिरे करतात. अनेक जण या शिबिरांना चळवळ थंड करणारा उद्योग म्हणतात. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात, किरण बेदींच्या कारकिर्दीत, हजाराहून अधिक कैदी एका वेळी ध्यानाला बसले तेव्हाही हेच दोन अर्थ निघाले. कैद्याला स्वतःच्या रागाची ओळख झाली हे खरे. पण न्यायालयात वर्षानुवर्षे अडकलेला कच्चा कैदी शांत झाला तर त्यात सोय कोणाची? माणसाच्या आत पाहणारी कोणतीही रीत या प्रश्नाला पुरेसे उत्तर देऊ शकेल असे वाटत नाही, आणि तशी अपेक्षाही तिच्याकडून करू नये. रागावलेल्या माणसाला आपला राग कुठून सुरू होतो हे कळले, म्हणून त्याचे कारण खोटे ठरत नाही.

एक शंका मात्र अगदी घरगुती आहे. वेळ कोणाकडे? महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेच्या शिबिरासाठी रजेची सोय केली आहे. दुकानात काम करणाऱ्या मुलाला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला, रिक्षावाल्याला ती नाही. दहा दिवस फोन बंद ठेवण्यासाठी मागे कोणीतरी फोन उचलणारे असावे लागते. शिबिर संपल्यावर घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे असे सांगतात. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे पहाटे नळाचे पाणी येते आणि रात्री भिंतीपलीकडचा टीव्ही चालू असतो, तिथे हा तास काढणाऱ्या बायका आहेत. त्या डबे भरून झाल्यावर, मुले शाळेत गेल्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्याला पाठ टेकून बसतात. मध्ये कुकरची शिट्टी झाली तर उठून गॅस बंद करतात आणि पुन्हा बसतात.